क्राउटनोटन, स्पेक्युलास की टायटाय: पहिल्यांदा कोणता प्रकार करावा?

नेदरलँड्समध्ये 5 डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासच्या, म्हणजे मुलांना भेटी देणाऱ्या तिथल्या संताच्या, भेटवस्तू उघडतात. त्याच्या आधीचे काही आठवडे तिथल्या घरांत मसाल्याच्या बिस्किटांचा वास असतो. घरी करण्यासारखे प्रकार मुख्यतः चार: क्राउटनोटन, साच्याचा स्पेक्युलास, भरलेला स्पेक्युलास आणि टायटाय. ओव्हन नवा असेल किंवा हाताशी एकच दुपार असेल, तर क्राउटनोटन करा. साच्याच्या स्पेक्युलासची नक्षी कितीही मोहात पाडत असली तरी सुरुवात तिथून करू नका.

मसाला तिघांना एकच लागतो, फक्त टायटायचा वेगळा. 8 चमचे दालचिनी, प्रत्येकी 2 चमचे लवंग आणि जायफळ, प्रत्येकी 1 चमचा सुंठ, वेलदोडा आणि पांढरी मिरी, सगळं बारीक पूड करून. लवंग याहून वाढवली की जीभ बधिर होते आणि बाकी काही लागतच नाही. साखर गडद, ओलसर आणि बारीक हवी. आपल्याकडे ब्राउन शुगर म्हणून मिळणारी साखर बऱ्याचदा जाड दाण्याची असते. ती मिक्सरमधून काढून घ्या, नाहीतर दाणे न विरघळता बिस्किटावर ठिपके उमटतात. गुळाची पावडर चालते, पण चव गुळाकडे झुकते आणि दूध थोडं कमी लागतं.

क्राउटनोटन म्हणजे गोटीएवढी, खाली सपाट, कडक बिस्किटं. दुकानांत यांनाच सर्रास पेपरनोटन म्हणतात, पण मूळ पेपरनोटन मऊ-चिवट आणि ओबडधोबड असतात. 250 ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, 125 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम गार लोणी, 1 मोठा चमचा मसाला, चिमूटभर मीठ आणि 3 मोठे चमचे दूध. गोळा मळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. 5-6 ग्रॅमच्या गोळ्या वळून अगदी हलक्या दाबा, 170 अंशांवर 15 मिनिटं भाजा. एवढ्यात 90 ते 100 होतात. पसरून चपट्या झाल्या तर लोणी मऊ पडलं होतं किंवा दूध जास्त झालं. ओव्हनमधून काढताना त्या मऊच लागतात, म्हणून घाबरून जास्त भाजू नका, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. गार होऊनही आत मऊ राहिल्या तर 140 अंशांवर आणखी 5-7 मिनिटं द्या.

साच्याचा स्पेक्युलास जास्त लोण्याचा, म्हणून जास्त खुसखुशीत. 250 ग्रॅम मैद्याला 150 ग्रॅम लोणी, 125 ग्रॅम साखर, दीड मोठा चमचा मसाला, 2 मोठे चमचे दूध. बेकिंग पावडर अगदी पाव चमचा किंवा अजिबात नाही, कारण पीठ फुगलं की नक्षी पुसली जाते. गोळा रात्रभर फ्रिजमध्ये राहायलाच हवा: मसाला मुरतो आणि लोणी घट्ट होतं. मोदकाच्या साच्याला लावतो तसा तुपाचा हात इथे लावू नका, नक्षीच्या खाचा भरून जातात. तांदळाची पिठी भुरभुरवा, जादाची झटकून टाका, पीठ दाबून भरा, वरचं सुरीने सपाट कापा आणि साच्याची कड ओट्यावर आपटून बिस्किट सोडवा. पहिली दोन-तीन तुटतातच. कोरडी पिठी खाचांत नीट बसली की पुढची सुटतात. भाजण्याआधी अर्धा तास पुन्हा गार करा, मग 160 अंशांवर 20-25 मिनिटं. लाकडी साचा पाण्याखाली धुऊ नका, लाकूड फुगतं, ब्रशने झाडा. साचा नसेल तर हेच पीठ 5 मिलिमीटर जाड लाटून चौकोन कापा आणि वर बदामाचे काप लावा.

भरलेला स्पेक्युलास चवीला चौघांत सरस. 150 ग्रॅम सोललेले बदाम आणि 150 ग्रॅम साखर एकत्र वाटून लिंबाची किसलेली साल घालायची, एक रात्र ठेवायचं आणि करायच्या दिवशी एक अंडं मिसळायचं. स्पेक्युलासच्या पिठात एक चमचा बेकिंग पावडर घाला, 20 सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये त्याचे दोन थर करून मध्ये हे सारण पसरा. 170 अंशांवर साधारण 40 मिनिटं. गरम कापला तर ढासळतो, दुसऱ्या दिवशी कापा. गोळ्या वळणं आणि साचा नको, पण बदामाचा खर्च चालणार असेल, तर हाच निवडा.

टायटाय सगळ्यांना आवडेल असं नाही. यात लोणी नाही. मध, साखर, राय या धान्याचं आणि गव्हाचं पीठ, वास ॲनिसचा. ॲनिस नसेल तर बारीक बडीशेप जवळची. मध-साखर कोमट करून पिठात मळतात आणि गोळा निदान एक दिवस ठेवतात. भाजल्यावर तो कडक लागतो, डब्यात दोन-तीन दिवसांनी हवा तसा चिवट होतो. राय मिळत नसेल तर कणकेने भागतं, पण चवीला तो आंबूसपणा येत नाही.

दोन्ही केलेत तरी क्राउटनोटन आणि टायटाय एका डब्यात ठेवू नका. टायटायची ओल क्राउटनोटनमध्ये शिरते आणि त्या मऊ पडतात. वेगळ्या घट्ट डब्यात क्राउटनोटन तीन आठवडे सहज टिकतात.