करिअर शोधायची फुकट प्रश्नावली: कोल्हापूरच्या वर्गात कितपत चालते?

अमेरिकेच्या कामगार खात्याची 'ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर' ही प्रश्नावली 'माय नेक्स्ट मूव्ह' या साइटवर फुकट आहे. लॉगिन नको, मोबाइलवर उघडते. डिग्रीच्या पोरांसाठी चांगली आहे, पण ग्रुपवर लिंक टाकून मोकळं होणार असाल तर वेळ घालवू नका.

६० कामं, प्रत्येकापुढे नावडीपासून आवडीपर्यंत पाच पायऱ्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या करिअर-आवडीच्या सिद्धांतातले सहा गट: हातकाम, शोध, कला, लोकांसाठीचं काम, धंदा आणि हिशेब-कारकुनी. प्रत्येक गटाचे दहा प्रश्न, गुण ४० पैकी.

भाषा इंग्रजी, म्हणून प्रश्न मोठ्यानं वाचून मराठीत समजावा. तासातली तीस-पस्तीस मिनिटं त्यात जातात. प्रश्न मात्र बदलू नका. "स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं"च्या जागी ऊसतोडणी घातली की पोरं त्या कामाची प्रतिष्ठा बघून उत्तर देतात, आवड बाजूलाच राहते.

खरा घोळ इथंच होतो. पगार किती, घरचे काय म्हणतील, आपल्याला जमेल का, हे मनात धरून पोरं खुणा करतात. सुरुवातीलाच बजावा: शिक्षण आणि पैसा विसरून फक्त आवडेल का ते सांगा. दुसरी चूक म्हणजे सगळीकडे मधली पायरी. मग सहाही गटांचे गुण जवळपास सारखे येतात आणि हाती काही लागत नाही. अशांकडून मधल्या खुणा पुन्हा तपासून घ्या. दोन-तीन गुणांचा फरक असेल तर पहिला-दुसरा असा क्रम लावू नका.

पुढे तयारीच्या, म्हणजे कामाला किती शिक्षण-अनुभव लागतो त्याच्या, पाच पातळ्यांपैकी एक निवडायची असते. पदवीवाल्यांना बहुधा चौथी. मग येते व्यवसायांची यादी, आणि हा सगळ्यात कच्चा भाग. पगार डॉलरमध्ये, परवाने तिकडचे. ते आकडे वर्गात दाखवूच नका, पोरं तिथंच अडकतात.

यादीतलं कामाचं वर्णन तेवढं घ्या आणि दुसऱ्या तासाला वरच्या गुणांप्रमाणे टोळ्या पाडा, पाच-सहा जणांच्या. प्रत्येक टोळीनं जिल्ह्यातली तीन कामं शोधायची. हातकामवाल्यांना शिरोलीच्या फाउंड्रीतला पॅटर्नमेकर (ओतकामाच्या साच्यासाठी नमुना बनवणारा), कलावाल्यांना हुपरीच्या चांदीचं डिझाइन, शोधवाल्यांना दुधाची किंवा मातीची प्रयोगशाळा, धंदेवाल्यांना गुळाची अडत. मग त्या कामातल्या माणसाला गाठून तीन प्रश्न: सकाळपासून काय काय करता, सुरुवात कशी केली, कंटाळा कशाचा येतो? तिसरा प्रश्न वगळू देऊ नका, खरी माहिती त्यातूनच बाहेर येते. आणि टोळीला पाठवण्याआधी फोन करून वेळ ठरवून घ्या, फाउंड्रीत ओतकाम चालू असताना कुणीही बोलायला थांबत नाही.