बँकॉकचा राजवाडा आज बंद आहे, असं कुणी सांगितलं तर

बँकॉकचा ग्रँड पॅलेस रोज उघडा असतो. सकाळी साडेआठला तिकीटखिडकी उघडते, दुपारी साडेतीनला बंद होते, परदेशी माणसाला ५०० बाट पडतात. राजघराण्याचा एखादा मोठा समारंभ असेल तरच यात बदल होतो. कोल्हापुरातून बँकॉकला निघालेल्या प्रत्येक जोडप्याला मला हे ओरडून सांगायचंय, कारण "आज पॅलेस बंद आहे" या एका वाक्यापासून सुरुवात होऊन कृत्रिम नीलमच्या खड्यांत आमचे लाखभर रुपये गेले. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, आमच्या सराफांनी सांगितलं की असे खडे घेऊन त्यांच्याकडे आलेले आम्ही पहिले नाही. बाकीचे लाजेने गप्प बसले असतील. मी बसणार नाही.

मुलांची शिक्षणं संपल्यापासून आम्ही दोघं जमेल तसं परदेशातलं एखादं शहर बघून येतो. टूरबरोबर नाही, आपले आपण. यांना बाजार आवडतात, मला खाणं, आणि बँकॉक दोघांनाही पुरून उरलं. शनिवार-रविवारी भरणारा चतुचकचा बाजार दिवसभर फिरून संपेना. रात्री यावरातला, म्हणजे तिथल्या चायनाटाऊनमध्ये, रस्त्यावरच टेबलं मांडतात. तिथे यांनी मासे आणि कोळंबी मनसोक्त खाल्ली. माझा सोमवार असतो, त्या दिवशी पाहुरातला गेलो, तिथे गुरुद्वाराही आहे आणि आपल्याकडचं जेवणही मिळतं. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा: पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरं रंगवलेल्या 'जे' दुकानात मांस-मासे सोडाच, कांदा-लसूणही नसतो. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात तर मी रोज खाल्ला. एकदा मी भाताच्या गाडीवर जास्तीची नोट देऊन निघाले, तर ती बाई गर्दीतून माझ्यामागे धावत आली आणि उरलेले पैसे हातात ठेवून गेली. म्हणून सांगते, ते शहर चोरांचं नाही. आम्हाला लुबाडलं ते एका टोळीने.

आमचं हॉटेल सापान ताकसिन स्टेशनजवळ होतं. तिथून नदीतल्या बोटीने था चांग धक्क्याला उतरलं की पॅलेसची पांढरी भिंत समोरच दिसते. त्या भिंतीकडेनं चालत असताना इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र अशा एका गृहस्थांनी नमस्कार केला. म्हणाले, आज सकाळी फक्त थाई लोकांची प्रार्थना आहे, परदेशी लोकांना एक वाजता सोडतील. तोवर उन्हात कशाला थांबता, उभ्या बुद्धाचं मंदिर बघून या. आमच्याच नकाशावर त्यांनी पेनाने खुणा केल्या, एक टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, थांबवली, २० बाट ठरवून दिले आणि निघूनही गेले. स्वतः एक पैसा घेतला नाही.

मंदिर खरंच सुंदर आहे. वाट इंथराविहानमधली ती उभी मूर्ती ३२ मीटर उंच आहे, मान वर करून बघताना पाठ दुखते. तिथे बाकावर चपला काढत बसलेले एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्याशी बोलायला लागले. भारतातून आलात? माझा मेहुणा मुंबईत असतो. यांचा जन्मवार विचारला, त्या वाराची बुद्धमूर्ती कोणती ते दाखवलं. ही माहिती खरी होती, थायलंडमध्ये प्रत्येक वाराची वेगळी बुद्धमुद्रा असते. मग ओघात म्हणाले, आज सरकारी निर्यात केंद्रात नीलम करमुक्त मिळतात, वर्षातून एकदाच, शेवटचा दिवस. मी गेल्या वेळी घेतले, त्यावर मेहुण्याने मुंबईत दुप्पट कमावले. आम्ही काही विचारलंच नव्हतं. तेही हात जोडून निघून गेले.

टुकटुकवाला म्हणाला, दहा मिनिटं दुकानात जा, मला पेट्रोलचं कूपन मिळतं, काही घेऊ नका. हे मात्र खरं असतं, अशी दुकानं गिऱ्हाईक आणणाऱ्याला कूपन देतात. हे मला म्हणाले, "बघायला काय जातंय? नाही पटलं तर उठून यायचं." दुकानात गार हवा, काचेची कपाटं, भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रं. शेजारच्या टेबलावर एक गोरं जोडपं नीलमचे कानातले घेत होतं. त्या बाईने आपणहून सांगितलं, की त्यांच्या देशातल्या सराफाने भाव तपासून दिलाय. आमच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. ४२,००० बाटला नीलमची जोडी ठरली. यांनी कार्ड दिलं, पिन टाकला.

कोल्हापुरातला माणूस सोनं घेताना चार जणांना विचारतो. ती सवय चांगलीच आहे आणि या टोळीला ती पक्की ठाऊक आहे. म्हणून विचारायचे चार जण तिने आधीच वाटेत उभे केलेले असतात. भिंतीजवळचा, मंदिरातला, गाडीवाला, दुकानातलं गिऱ्हाईक. कुणी कुणाला ओळख दाखवत नाही, कुणी स्वतःसाठी पैसे मागत नाही, आणि प्रत्येक जण आधीच्याचं म्हणणं थोडं पुढे नेतो. पहिल्यावर आपला विश्वास बसत नाही, तिसऱ्यावर बसतो. मी त्या दिवसाचा विचार करते तेव्हा एकच फरक मला स्पष्ट दिसतो: हे चौघंही आपणहून आमच्याकडे आले होते. यातला एकही माणूस आम्ही निवडलेला नव्हता. आपण निवडून ज्याला विचारावं, जसं की हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी किंवा पॅलेसच्या दारातला गणवेशातला पहारेकरी, त्याला त्या टोळीने आधी पढवलेलं असणं अवघड असतं. परगावच्या माणसाला महाद्वाराजवळ कुणी सांगितलं की आज अंबाबाईचं देऊळ बंद आहे, तर आपण त्याला सांगू की बाबा, चार पावलं पुढे जा आणि दार बघ. बँकॉकलाही पावलं तेवढीच होती.

आता नीलमबद्दल. दुकानात त्यांनी खड्याने काच ओरखडून दाखवली, वर लायटर धरला. दोन्हींनी काही सिद्ध होत नाही, हे गुजरीत कळलं. कृत्रिम नीलमही रासायनिक दृष्ट्या खरा नीलमच असतो: तेच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर तोच ९ आकडा. तो काच ओरखडणारच. ज्वाळेत पूड वितळवून असे खडे बनवण्याची वेर्नोई पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आली आहे, आणि असा खडा फार स्वस्त पडतो. आमच्या सराफांनी डोळ्याला भिंग लावलं, खडा दिव्यासमोर फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, हा खाणीतला नाही." खाणीतल्या नीलममध्ये वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात वळलेल्या असतात, भट्टीतल्यात त्या कमानीसारख्या वाकतात. त्यांनी मलाही दाखवल्या. एकदा दिसल्यावर मग त्याच दिसत राहतात. प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच आलं. चंथाबुरी शहरातल्या रत्नांच्या बाजारामुळे थायलंड माणिक-नीलमसाठी जगात नावाजलेलं आहे, आणि या टोळ्या त्याच नावावर जगतात.

खडे आम्ही तिथेच उघडून तपासले असते, पण तीही वाट दुकानदाराने बंद केली होती. पाकीट लाखेने सील करून दिलं आणि बजावलं की विमानतळावर सील तुटलेलं दिसलं तर करमाफी जाईल. हे साफ खोटं आहे. थायलंडमध्ये पर्यटकाला ७ टक्के व्हॅटचा परतावा मिळतो, पण त्यासाठी सीलबंद पाकिटाचा काही नियम नाही. उलट महागडी वस्तू अधिकाऱ्यांना काढून दाखवावी लागू शकते. सीलचा उपयोग एवढाच, की तुम्ही घरी पोचेपर्यंत पाकीट उघडू नये.

बँकेत अर्ज केला. उत्तर आलं की पिन तुमचाच, व्यवहार तुमच्या संमतीने झाला. परस्पर कुणी पैसे काढले तर ग्राहकाला जे संरक्षण आहे, ते इथे लागू होत नाही. मग माल वर्णनाप्रमाणे नाही अशी तक्रार केली, प्रयोगशाळेचा अहवाल जोडला. दुकानाने बिल पुढे केलं. बिलावर 'निळा नीलम' एवढंच होतं, 'नैसर्गिक' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत.

यांनी महिनाभर हा विषय घरात काढू दिला नाही. मला ते फार लागलं, कारण लाज वाटायची ती त्या चौघांना वाटायला हवी, आम्हाला नाही. मुलीने ते खडे पाहिले आणि म्हणाली, आई, मला आजीचा साजच घालायचाय.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता बँकॉकमध्ये असेल आणि असं पाकीट बॅगेत असेल, तर ते आजच उघडा. 'जेम अँड ज्वेलरी इन्स्टिट्यूट ऑफ थायलंड' ही तिथली अधिकृत संस्था आहे, बँकॉकमध्येच तिची प्रयोगशाळा आहे, तिथे खडा तपासून घ्या. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजीत बोलता येतं. बिल, कार्डाची स्लिप आणि पाकीट घेऊन त्यांच्यासोबत दुकानात गेलात तर पैसे, निदान काही भाग, परत मिळण्याची आशा असते. विमान सुटल्यावर ती जवळजवळ संपते. म्हणून परतीच्या तारखेपर्यंत थांबू नका, तिकीट पुढे ढकलावं लागलं तरी ढकला.