तीन नळ, एक सिलिंडर आणि आखूड नळ्या

तीन नळांचं बिअर डिस्पेन्सर घरी बसवून आठ महिने झाले. त्यातले पहिले पाच आठवडे मी फेस प्यायलो. म्हणून हे परीक्षण यंत्राचं कमी आणि त्याच्या खोक्यातून आलेल्या दीड मीटरच्या नळ्यांचं जास्त आहे.

यंत्र म्हणजे एक बुटका फ्रिज. डोक्यावर स्टीलचा टॉवर, त्याला तीन नळ. आत १९ लिटरचे तीन केग, म्हणजे बिअरची पिंपं, दाटीवाटीने मावतात. सोबत गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि एका गॅसच्या तीन वाटा करणारा मॅनिफोल्ड येतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आपला आपण आणायचा. जोडणी एका दुपारची, एक पाना आणि थोडा संयम पुरतो.

माझा संयम वायसरपाशी कमी पडला. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये एक नायलॉनचा वायसर बसतो. पुस्तिकेतल्या चित्रात तो ठिपक्याएवढा दिसतो, मला तो दिसलाच नाही. सकाळी उठलो तर भरलेला सिलिंडर रिकामा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, बंद खोलीत तो खाली साचून राहतो; खिडकी उघडी होती हे माझं नशीब. तेव्हापासून कुठलाही जोड आवळला की त्यावर साबणाचं पाणी फवारतो. बुडबुडा फुगला की गळती.

दुसऱ्या सिलिंडरने वेगळीच धडकी भरवली. तिसरा केग तयार नव्हता म्हणून त्याच्या जागी सिलिंडर फ्रिजच्या आतच ठेवला होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या दाबाचा काटा ५७ बारवरून ३८ वर. पुन्हा साबण, पुन्हा पाना, गळती कुठेच नाही. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, त्यामुळे काटा तापमान सांगतो, शिल्लक नाही. शेवटचा थेंब वायू होईपर्यंत तो जागचा हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. किती उरलंय हे बघायचं तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा.

आता फेस. केग ४ अंशांना गार, दाब १२ पीएसआय (हेही बारसारखं दाबाचंच माप), सगळं पुस्तिकेप्रमाणे. तरी ग्लासात दोन बोटं बिअर आणि वर हा एवढा कापूस. मेव्हणा ग्लास उजेडात धरून म्हणाला, "दाजी, हे प्यायचं की याने दाढी करायची?"

मी दाब ५ वर आणला. दोन दिवस ग्लास सुरेख भरले, मीही ते सगळ्यांना सांगत सुटलो. आठवड्यात नळीत बुडबुड्यांच्या माळा दिसायला लागल्या आणि बिअर मिळमिळीत झाली. वरचा दाब उतरवला की बिअरमध्ये विरघळलेला गॅस हळूहळू बाहेर निघतो, कारण दोघांना बरोबरी साधायची असते. म्हणजे दाबाला हात लावायचाच नव्हता. केगमधले १२ पीएसआय नळाच्या तोंडाशी येईपर्यंत कुठेतरी जिरायला हवेत, आणि ते जिरवते नळीच्या आतल्या भिंतीची घासण. नळी आखूड असली की बिअर धाडकन बाहेर येते आणि गॅस सुटतो. आतून ४.८ मिलिमीटरची नळी मला प्रत्येक नळाला तीन मीटर लागली. तीनही नळ्या बदलल्या, दाब परत १२ वर नेला आणि त्याच रात्री ग्लास नीट भरला. कंपनीने प्रत्येक नळाला दीड मीटर नळी का वाचवली असेल, देव जाणे.

एक दुखणं तरीही उरलं, दिवसातला पहिला ग्लास. टॉवर फ्रिजच्या बाहेर असतो. त्यात थर्मामीटर सोडला तर १५ अंश! रात्रभर तिथे थांबलेली बिअर कोमट होऊन फेसाळते. यंत्रात गार हवा वर ढकलणारा पंखा आहे, पण त्याची लवचीक नळी मध्येच संपत होती. ती टॉवरच्या टोकापर्यंत ओढून घेतल्यावर पहिला ग्लासही माणसात आला. बाकी नळ पूर्ण उघडायचा, अर्धवट अजिबात नाही.

नळांची मात्र तारीफ करावी लागेल. ते पुढच्या टोकाशी बंद होणारे आहेत, त्यामुळे आत बिअर वाळून दांडा चिकटत नाही. जुन्या धाटणीचा नळ आठवडाभर वापरला नाही की ओढताना हातात येतो की काय असं वाटतं.

तीन नळ हवेत का, हा प्रश्न बायकोने खरेदीच्या आधीच विचारला होता. तेव्हा मी ऐकलं नाही. दर दोन आठवड्यांनी प्रत्येक नळीतून क्षारयुक्त क्लीनर, मग पाणी, मग सॅनिटायझर फिरवायचं, नाहीतर आत थर धरतो आणि चव बिघडते. हे तीनदा. शिवाय मॅनिफोल्ड तिन्ही केगना एकच दाब देतो. गव्हाच्या बिअरला जास्त गॅस हवा असला तरी इथे तिला बाकीच्यांच्या पंक्तीत बसावं लागतं. स्टाउट या काळ्या बिअरसाठी तर नायट्रोजन मिसळलेला गॅस आणि वेगळाच नळ. 'तीन प्रकारची बिअर' असं खोक्यावर छापलंय, ते एका दाबाला चालणारे तीन प्रकार असं वाचावं.

फ्रिजला पाचपैकी चार, नळांना पाच, नळ्यांना शून्य. पुन्हा घेतलं तर बिअरला दोनच नळ ठेवीन.

तिसऱ्या नळाला शेवटी दुसरा रेग्युलेटर लावला, ३० पीएसआय ठेवला, आठ मीटर नळीचं वेटोळं आत कोंबलं आणि केगमध्ये साधं पाणी भरलं. घरात दिवसभर सोडा. सगळ्यात जास्त हाच नळ चालतो, आणि बायको तो माझ्यासमोर जरा सावकाशच उघडते.