वुडकॉकसाठी रजा एकदाच: जानेवारीत उटी की मेमध्ये चोपता?

वुडकॉक हा चिखलपक्ष्यांच्या कुळातला, पण पाणथळ सोडून जंगलात राहणारा. पुण्याहून त्याला पाहायला निघालात तर वाटा दोन. हिवाळ्यात तो नीलगिरीसारख्या दक्षिणेतल्या डोंगरांवर येतो, उन्हाळ्यात हिमालयात त्याची वीण असते. रजा एकदाच मिळणार असेल तर मी मे महिना धरेन आणि उत्तराखंडात चोपत्याला जाईन.

उटी जवळ पडते, मान्य. पण हिवाळ्यात हा पक्षी दिवसभर शोलाच्या (डोंगरघळींतल्या दाट, सदाहरित जंगलाच्या) सावलीत पालापाचोळ्यात दबून बसतो. सुक्या पानांचा प्रत्येक रंग त्याच्या पाठीवर आहे. डोळे डोक्यात इतके मागे आणि वर, की मान न वळवता त्याला चहूकडचं दिसतं. आपल्याला दिसतो तो बहुधा पायाजवळून फडफडत उठून झाडांमधून वळणं घेत पळताना, तोही पाठमोरा. आणि तेवढ्यासाठी आराम करणाऱ्या पक्ष्याला मुद्दाम उठवणं मला पटत नाही.

मेमध्ये नर आपणहून बाहेर येतो. सूर्य मावळला की झाडांच्या शेंड्यांवरून फेऱ्या मारतो. आधी बेडकासारखं घोगरं डरावणं, मग एक बारीक, टोकदार चीत्कार. उरल्यासुरल्या उजेडात खाली झुकलेली लांब चोच स्वच्छ दिसते. आपण फक्त एका जागी गप्प उभं राहायचं.

जाण्याआधी नजर तयार करायला डिसेंबरातल्या दोन-चार सकाळी मात्र कवडीपाटला द्या. लोणी काळभोरजवळ मुळा-मुठेच्या काठी वुडकॉकचा भाऊबंद पाणलावा (स्नाइप) थंडीत उतरतो. वुडकॉक साधारण 300 ग्रॅमचा, हा जेमतेम 100. नदीच्या वासाने नाकाला रुमाल लावावा लागतो, पण त्याच चिखलात तो डोळ्यांपर्यंत चोच खुपसतो. दोघांच्याही चोचीचं टोक लवचिक असतं, म्हणून चोच रुतलेली असतानाच ते टोक उघडून किडा पकडता येतो. डोकं नीट पाहून ठेवा: पाणलाव्याचे पट्टे चोचीकडून मानेकडे जातात, वुडकॉकचे डोक्यावर आडवे. पाणलावा उठताना खरखरीत ओरडतो आणि नागमोडी उडतो. गवताच्या काडीसारख्या दिसणाऱ्या त्या पाठीवर नजर बसायला मला अख्खा एक हिवाळा लागला.

चोपत्याला मेमध्येही संध्याकाळी स्वेटर लागतो. पूर्ण अंधार पडेपर्यंत जागा सोडू नका.