बाजार लावावा की कौल घ्यावा?

संस्थेतल्या लोकांकडून अंदाज काढून घ्यायला प्रेडिक्शन मार्केट (एखादी गोष्ट घडेल की नाही यावर सौदे होतात आणि जमलेला भाव हीच तिची टक्क्यांतली शक्यता) लावावं, की प्रत्येकाला सरळ टक्केवारी विचारून कौल घ्यावा? हा प्रश्न मला दोनदा पडला. पहिल्यांदा मी मार्केट निवडलं.

मार्केटच्या बाजूचा पुरावा दणकट आहे, हे आधीच कबूल करतो. ह्युलेट-पॅकार्डमध्ये नव्वदच्या दशकात मोजक्या माणसांच्या मार्केटने कंपनीच्या अधिकृत अंदाजावर आठपैकी सहा वेळा मात केली. मानसशास्त्रातले कोणते प्रयोग पुन्हा केल्यावर टिकतील, यावरचा २०१५ सालचा अभ्यास तर प्रसिद्धच आहे: मार्केटचा कल ७१ टक्के वेळा खरा ठरला, नुसतं विचारून घेतलेला ५८ टक्के. गिऱ्हाईक कमी पडेल ही भीतीही फारशी नको. अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅन्सन यांच्या सूत्रावर चालणारा स्वयंचलित दलाल सौद्याला कायम तयार असतो.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवर.

'काम तारखेला पुरं होईल' याचा भाव आमच्याकडे आठवडाभर सत्तरच्या आसपास रेंगाळत होता. एका रात्रीत तो चाळीसवर आला. सकाळी वरिष्ठांनी विचारलं, "काय झालं?" मला सांगता येईना. कुणाला आतली खबर होती, की कुणी कंटाळून नाणी उधळली होती? (नाणी आभासीच, तरी लोक ती जिवापाड जपायचे.) विकणाऱ्याने तोंड उघडावं ही अपेक्षाही चुकीची, कारण बोलला की त्याचा पुढचा नफा गेला. तीन आठवड्यांनी उलगडा झाला: बाहेरून यायचा एक भाग रखडला होता आणि चाचणी करणाऱ्या एकाला ते आधीच ठाऊक होतं. भाव अगदी बरोबर होता. पण तेव्हाच कारण कळतं, तर तो भाग दुसरीकडून मिळवता आला असता.

पुढच्या खेपेला कौल घेतला. टक्केवारी आणि तिच्याखाली दोन ओळी कारण, एवढंच. निकाल लागला की ब्रायर गुण (अंदाज निकालापासून किती दूर होता याचं माप; जितके कमी तितकं चांगलं) काढायचे आणि ज्याचे अंदाज चांगले, त्याच्या मताला वजन जास्त. हे वजन देणं टाळू नका. २०११ ते २०१५ मधल्या गुड जजमेंट प्रोजेक्टमध्ये, म्हणजे सामान्य लोकांकडून जगातल्या घडामोडींचे अंदाज घेणाऱ्या संशोधनात, कौलाची साधी सरासरी मार्केटच्या मागे पडली. नीट वजनं देऊन एकत्र केल्यावर कौल पुढे गेला.

कौलातही कटकटी आहेत. लोक जुना आकडा बदलायला विसरतात, आठवण करून द्यावी लागते. नावं उघड ठेवली तर साहेबांना आवडतील असे आकडे येतात, म्हणून ती मी झाकली. अर्थात गूगलच्या अंतर्गत मार्केटमध्येही स्वतःच्या कंपनीबद्दल फाजील आशावाद दिसलाच होता.

निकाल तुमच्या हातात नसेल, निवडणुकीसारखा किंवा दुसऱ्याच्या प्रयोगाचा, तर मार्केट कदाचित सरस ठरेल. तिथे आकडा पुरतो. पण अंदाज ऐकून काही दुरुस्त करायचं असेल, तर मी तरी कौलाकडे झुकेन. सौद्यासोबत कारण लिहिणं सक्तीचं करूनही पाहिलं होतं. जवळजवळ प्रत्येकाने लिहिलं, "असंच वाटलं."