लाथेची जखम रुपयाएवढी आणि आत हाडाला चीर: घोड्यांच्या फिरत्या डॉक्टरांचा अनुभव

माथेरानला आमचा सवारीचा धंदा आहे, वडलांपासून. तीन घोडे आहेत, त्यातली चंद्रा ही घोडी मी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली, पाच वर्षं झाली. शांत आहे, लहान पोरं तिच्यावर बसवायला आईबाप घाबरत नाहीत. मे महिन्यात तिला लाथ लागली आणि त्यानंतर खालून येणाऱ्या घोड्यांच्या एका फिरत्या डॉक्टरांनी जे काम केलं ते लिहून ठेवायचं कधीपासून मनात होतं. डॉक्टरांचा नंबर इथे टाकत नाही, दस्तुरीच्या (माथेरानला गाड्या जिथपर्यंतच येतात तो नाका) स्टँडवर कुणालाही विचारा, मिळेल. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला तेही सांगतो.

शनिवार सकाळ, सीझनची गर्दी, स्टँडवर घोडे एकमेकाला खेटून उभे. शेजारच्याचा नवीन घोडा लाजरा होता, मागून कुणीतरी बॅग ओढत गेलं आणि त्याने लाथ झाडली. लाकडावर लाकूड आपटावं तसा टणक आवाज आला. चंद्राच्या मागच्या उजव्या पायाला आतल्या बाजूने, हॉकच्या (मागच्या पायाचा मधला सांधा) वीतभर वर लागली. बघितलं तर रुपयाच्या नाण्याएवढी जखम, रक्त पण फार नाही. चार पावलं चालवून बघितली तर किंचित लंगडत होती, बास. खरं सांगतो, मला वाटलं सुटलो.

तेवढ्यात एकजण, जो आमच्याकडे घोड्यांना सुया टोचायचं काम करतो, तो आला, जांभळा स्प्रे मारला, एक पेनकिलर ठोकलं आणि म्हणाला काही नाही झालं, हळूहळू चालवत रहा म्हणजे सूज धरणार नाही, उद्या परवा लाईनवर लाव. अर्ध्या तासात घोडी इतकी छान चालायला लागली की मी पण विश्वास ठेवला. संध्याकाळी औषध उतरलं आणि तिने पाय टेकवायचा बंद केला, नुसतं खुराचं टोक टेकवून उभी, घाम सुटलेला, दाण्याला तोंड लावेना. तेव्हा डॉक्टरांना फोन लावला.

दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. पण उचलल्यावर जे प्रश्न विचारले त्यावरूनच कळलं की माणूस घोड्यातला आहे. लाथ नेमकी कुठे, आतून का बाहेरून? मारणाऱ्या घोड्याच्या मागच्या पायांना नाल होते का? जखमेतून पिवळसर, बोटाला तार येईल असं चिकट पाणी येतंय का? ताप किती? शेवटचं पेनकिलर किती वाजता आणि कोणतं? मी "आतून" आणि "नाल होते" म्हटल्यावर ते दोन सेकंद गप्प झाले आणि म्हणाले, "दादा, आता तिला एक पाऊलही चालवू नका. आहे तिथेच ठेवा, मी पहाटे निघतो." माझा तबेला दस्तुरीपासून आत, चालतच जावं लागतं, आणि माथेरानात घोड्याला न्यायला गाडी कुठून आणणार. मग ती होती तिथेच, दस्तुरीजवळ, ओळखीच्यांची शेड होती, त्यातच तिला ठेवली. त्या माणसाने शेड दिली नसती तर पुढचं सगळं अवघड होतं.

रात्री काय करायचं तेही फोनवर सांगितलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण चहाचा दीड चमचा सपाट, त्याने जखम हळू धुवायची. हळद नाही, स्प्रे नाही, हायड्रोजन पेरॉक्साईड तर अजिबात नाही, कारण त्याने चांगली कातडीपण जळते आणि रंग लावला की सकाळी आत काय आहे ते दिसत नाही. आजूबाजूच्या सुजेवर गार पाण्याच्या फडक्याने शेक, पंधरा वीस मिनिटं, मग सोडून द्यायचं, परत तासा दीड तासाने. दुसरं पेनकिलर द्यायचं नाही. मी म्हटलं डॉक्टर तिला दुखतंय हो, तर म्हणाले दुखतंय म्हणूनच ती पाय टेकवत नाहीये, आत हाड तडकलं असेल तर ते दुखणंच तिला वाचवतंय. रात्रभर हे वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं, कारण सकाळी त्या सुईनंतर मी तिला तासभर फिरवली होती.

सकाळी साडेसहाला गाडी दस्तुरीला हजर. आल्या आल्या पायाकडे गेलेच नाहीत, आधी लांबून उभं राहून बघितलं, मग नाडी, श्वास, ताप. नाडी 56 होती, निवांत घोड्याची 28 ते 44 असते. हिरड्यांचा रंग बघितला. मग पाय. केस कातरले तेव्हा दिसलं की वरून नाण्याएवढी दिसणारी जखम आत बोटभर खोल खिशासारखी आहे. निर्जंतुक हातमोजे घालून करंगळी आत घातली आणि मला म्हणाले, इथे बोटाला थेट हाड लागतंय. तेव्हा त्यांनी माझाच हात धरून दुसऱ्या पायावर फिरवला. बाहेरच्या बाजूने मांसाची जाड गादी आहे, आतल्या बाजूने कातडी आणि लगेच हाड. माणसाच्या नडगीसारखं. आयुष्य घोड्यात गेलं पण हा फरक असा बोटाने कधी जाणवून घेतला नव्हता.

मग सांध्याची शंका. जखम सांध्यात पोचली असेल तर पहिल्या दिवसातच सांधा धुवावा लागतो, उशीर झाला की घोडा कायमचा जातो. गुंगीचं इंजेक्शन देऊन, जखमेपासून लांबच्या बाजूने कातडी साफ करून हॉकच्या सांध्यात सुई घातली आणि निर्जंतुक सलाईन दाबलं. आम्ही सगळे श्वास रोखून जखमेकडे बघतोय, तिथून पाणी बाहेर आलं की समजायचं आत रस्ता आहे. नाही आलं. (गुंगीतला घोडापण लाथ मारू शकतो, हे त्यांनी शेडवाल्याच्या पोराला दोनदा बजावून लांब उभं केलं, ते मला आवडलं.)

एक्सरेचं मशीन बॅटरीवरचं, हातात धरण्याएवढं, फोटो लगेच लॅपटॉपवर. शिशाचे एप्रन घालून चार बाजूंनी फोटो काढले. चारही स्वच्छ! मी तर देवाचं नाव घेतलं. आणि इथेच या डॉक्टरांची खरी किंमत आहे, कारण दुसरा कुणी असता तर एक्सरे क्लिअर म्हणून पैसे घेऊन गेला असता आणि मी पण खुशीत आठवड्याने खोगीर चढवलं असतं. हे म्हणाले, आज दिसत नाही म्हणजे नाही असं नाही. केसासारखी बारीक चीर पहिल्या दिवशी एक्सरेत दिसत नाही, पुढच्या आठवडा दहा दिवसांत शरीर चिरेच्या कडेचं हाड थोडं विरघळवतं, फट रुंद होते, मग दिसते. तोपर्यंत आहेच असं धरून चालायचं.

धरून चालायचं म्हणजे काय तर तिला बसू द्यायचं नाही. घोडा बसल्यावर उठताना मागच्या पायांवर सगळं वजन घेऊन उसळतो, तेवढ्या एका पिळात ती चीर आरपार जाऊ शकते, आणि हे टिबियाचं, म्हणजे हॉकच्या वरचं नडगीचं हाड पूर्ण मोडलं तर मोठ्या घोड्याला वाचवणं जवळपास अशक्य. म्हणून म्होरकीला दोन्ही बाजूंनी दोर, लांबी अशी की मान हलवता येईल पण खाली बसता येणार नाही. आमच्यातले जुने लोक येऊन मला बोलून गेले, जनावराला असं उभं टांगून ठेवतात का, पाप लागेल. ऐकायला त्रास झाला. पण घोडा उभ्याउभ्या झोपतो, हे तर आपणच पोरांना सांगतो.

दहाव्या ऐवजी बाराव्या दिवशी ते परत आले. दुसऱ्याच फोटोत डॉक्टर थांबले, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. पांढऱ्या हाडात एक काळी तिरकी रेघ, तीन चार इंच. मी तिथेच खाली बसलो. बारा दिवस आम्ही ती रेघ न बघता सांभाळली होती.

पुढचे दिवस कंटाळवाणे होते पण त्यातही शिकायला मिळालं. हरभरा पूर्ण बंद, नुसता ओला चारा आणि गवत, कारण काम नसलेल्या घोड्याला दाणा चालू ठेवला तर पोटदुखी ठरलेली. लीद किती वेळा टाकली ते भिंतीवर खडूने लिहायचो. मान सतत वर राहिली की छातीत घाण साचते म्हणून दिवसातून तीन चारदा मी स्वतः उभा राहून दोर सैल करून तिला जमिनीवरचं गवत खाऊ द्यायचो. ताप सकाळ संध्याकाळ, 101.5 पर्यंत ठीक, 102 झाला की फोन. आणि डाव्या, म्हणजे चांगल्या पायाची काळजी, कारण सगळं वजन त्यावर. त्या पायाला आधाराची पट्टी, खुराला हात लावून गरम वाटतंय का बघायचं आणि खुराच्या वर मागच्या बाजूला दोन बोटं ठेवून ठोका जोरात लागतोय का ते. चांगला पाय खुरातून गेला तर दुखरा पाय बरा होऊन उपयोग नाही.

जखम शिवली नाही, घाण बाहेर यायला उघडी ठेवली. हॉकच्या वर बँडेज टिकत नाही, घसरून खाली येतं, रोज नव्याने बांधायचो. धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं, म्हणजे लस आणि लगेच काम करणारं अँटिटॉक्सिन, पहिल्या दिवशीच दिली, दोन वेगळ्या जागी, कारण तिची लस कधी झाली ते मला सांगता आलं नाही. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, लिदीत मातीत त्याचे जंतू असतातच, तेव्हा तारीख वहीत लिहून ठेवा रे सगळ्यांनी. पेनकिलर म्हणून मेलॉक्सिकॅम, तेही वजनाच्या हिशोबाने कमी दिवस. शेडमधल्या डब्यात डायक्लोफेनॅकची जुनी बाटली दिसली तर त्यांनी ती उचलून बाजूलाच ठेवली, ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे.

आता तक्रारी. एक, दुसऱ्या व्हिजिटला एक्सरेचे पैसे पुन्हा पूर्ण लागतील हे आधी सांगितलं नव्हतं. पहिल्यालाच सांगायला हवं होतं, सीझन बुडालेल्या माणसाला अचानक तीन साडेतीन हजार म्हणजे खूप होतात. तीन व्हिजिट, औषधं, एक्सरे धरून माझे साधारण 19 हजार गेले. दोन, कागदावर सगळं इंग्रजीत. आमच्यातल्या निम्म्यांना ते वाचता येत नाही, डोसची चूक झाली तर? मी बोललो तर त्यांनी मराठीत व्हॉईस मेसेज पाठवला, पण दरवेळी मागायला लागू नये. तीन, पट्ट्या आणि कापूस आपल्यालाच नेरळहून आणावा लागतो.

तुम्ही बोलावणार असाल तर घोडा हलवू नका, जखमेला काही फासू नका, गरम पाणी तयार ठेवा, सपाट जागा आणि अंधार करता येईल अशी शेड बघा म्हणजे लॅपटॉपवरचा फोटो नीट दिसतो. आणि कुणी पेनकिलर दिलं असेल तर नाव आणि वेळ लपवू नका.

सातव्या आठवड्यात तिसरा एक्सरे झाला, रेघ भरत आली होती, तेव्हा दोर सोडले. त्या रात्री चंद्रा बसली, मग आडवी झाली, आणि इतकी गाढ झोपली की मी दोनदा टॉर्च मारून पोट हलतंय का बघितलं. मग पावसाळाभर हाताने धरून चालवणं, आधी दहा मिनिटं, मग वीस. दसऱ्याला तिला आंघोळ घालून, झेंडूची माळ घालून पूजा केली आणि दुपारी एका सहा वर्षांच्या मुलीला बसवून दस्तुरीहून बाजारापर्यंत नेली, मी पूर्ण वाट तिच्या मागच्या उजव्या पायाकडे बघत चाललो.