रॅमच्या चार स्टिकच्या मोहात पडू नका: डीडीआर५-६०००, ३२ जीबीच्या दोन स्टिक, आठ महिन्यांनंतर

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाच-सहा कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज येऊन पडतं. मी पथकात ढोल वाजवतो, त्यामुळे आमचे आणि ओळखीच्या आणखी दोन पथकांचे व्हिडिओ एडिट करायचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या गणपतीत ३२ जीबी रॅम पुरेना, म्हणून तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानातून आधीच्याच मॉडेलची आणखी एक जोडी आणली. १६ जीबीच्या चार स्टिक, झाले ६४. दुकानदार म्हणाला, "सेम टू सेम माल आहे साहेब, डोळे मिटून लावा."

लावल्या. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ६०००चं, म्हणजे एका तारेवरून सेकंदाला ६००० दशलक्ष बिट पाठवणारं, एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने पळवायची तयार सेटिंग) सुरू केलं आणि स्क्रीन काळी. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मी घाबरून बटण दाबून बंद केलं. असं तीनदा. (हा गाढवपणा माझाच, पुढे सांगतो.) शेवटी मशीन सुरू झालं, पण रेंडर केलेल्या फायलींत मध्येच हिरवे चौकोन दिसायचे आणि झिप उघडताना सीआरसीची (फाइल बिघडल्याची) एरर यायची. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासायचा प्रोग्राम) लावलं, तर पहिल्याच फेरीत लाल ओळींची रांग.

स्टिक खराब म्हणून भांडायलाच गेलो होतो. दुकानात मागच्या टेबलावर बसणाऱ्या रिपेरिंगच्या पोराने चारही स्टिक दोन-दोनच्या जोडीने लावून दाखवल्या. दोन्ही जोड्या ६०००वर ठणठणीत. "दादा, माल चांगलाय. चौघांचा मेळ बसत नाहीये," तो म्हणाला. खरं तर एएमडीच्याच आकड्यांत माझ्या रायझन ७००० प्रोसेसरला दोन स्टिकवर ५२०० आणि चार स्टिकवर फक्त ३६००ची हमी आहे. हे विकताना कोणी सांगत नाही.

मेळ म्हणजे काय, ते मला पथकामुळे लगेच कळलं. ६०००च्या रॅमचं घड्याळ ३००० मेगाहर्ट्झवर चालतं आणि डेटा त्याच्या चढत्या-उतरत्या दोन्ही कडांवर जातो. म्हणजे एका बिटच्या वाट्याला जेमतेम १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्यात बोर्डावरचा सिग्नल अडीच सेंटिमीटरच्या आसपास जातो, अंगठ्याच्या पेराएवढा! म्हणून डेटाच्या तारांबरोबर स्ट्रोब नावाची वेगळी खूण धावते: 'आत्ता बघ' असं सांगणारी. रॅम वाचताना ही खूण डेटाच्या कडेला कड लावून येते. प्रोसेसरमधला कंट्रोलर तिला पाव आवर्तन मागे सरकवतो, म्हणजे बिट बरोबर मधोमध पकडला जातो. लिहिताना तो स्वतःच ती मधोमध बसवून पाठवतो.

घोळ पुढे आहे. घड्याळाचा सिग्नल स्टिकवर एकेका चिपला शिवत पुढे जातो, त्यामुळे शेवटच्या चिपला तो उशिरा मिळतो. लक्ष्मी रोडवर पथक लांबलं की ताशा पुढे आणि शेवटची रांग किंचित मागे पडते, तसंच. नदीपात्रातल्या सरावात आम्ही मागच्यांना सांगतो, कानावर जाऊ नका, पुढच्याचा हात बघा. रॅममध्ये कंट्रोलर प्रत्येक चिपला वेगळा उशीर ठरवून देतो. त्यासाठी तो स्ट्रोब पाठवतो, चिप त्या क्षणी घड्याळ वर आहे की खाली ते पाहून एक किंवा शून्य कळवते, आणि शून्याचा एक होईपर्यंत तो थोडा-थोडा उशीर वाढवत राहतो. डीडीआर३पासून हे चालत आलंय, त्याला राइट लेव्हलिंग म्हणतात. डीडीआर५मध्ये असल्या जुळवण्या आणखी वाढल्या. ती काळी स्क्रीन म्हणजे हाच सराव चालू होता, आणि मी तीनदा मध्येच वीज तोडली.

चार स्टिकमध्ये एकाच तारेवर दोन-दोन स्टिक लटकतात. सिग्नल परतून आदळतो, बिट पकडायची फट अरुंद होते, आणि कितीही सराव केला तरी सगळ्यांना सोयीची जागा सापडत नाही. मी ५२००वर उतरून पाहिलं, तरी तासाभराने एरर. ३६००वर मात्र एकही नाही, पण मग महागडी रॅम कशाला घेतली?

शेवटी चारही परत देऊन ३२-३२ची एकच जोडी घेतली, ६०००, सीएल३० (मागितल्यावर डेटा यायला घड्याळाची ३० आवर्तनं). जुन्या जोडीची दुकानदाराने निम्मीच किंमत धरली, तो राग अजून आहे. लावताना प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावली. रात्रभर मेमटेस्टच्या चार फेऱ्या, शून्य एरर. सीएल३० म्हणजे हिशेबाने १० नॅनोसेकंद. साध्या ४८००, सीएल४०ला १६.७ लागतात. टाइमलाइन ओढताना हा फरक खरंच जाणवतो का? मला तरी नाही. मेमरी भरून मशीन अडकत नाही, ते मात्र रोज जाणवतं.

बॉक्सवर 'ऑन-डाय ईसीसी' (चिपमधली चूक-दुरुस्ती) ठळक छापलंय, त्यावर फार भाळू नका. ती दुरुस्ती चिपच्या पोटातल्या पोटात होते. बाहेरच्या तारेवर बिट हुकला तर तिचा काही उपयोग नाही. प्रोफाइल १.१ऐवजी १.३५ व्होल्टचं आहे आणि व्होल्टेज सांभाळणारी चिपही आता स्टिकवरच असते, त्यामुळे स्टिक चांगल्याच तापतात. मेच्या दुपारी मी कॅबिनेटची बाजूची पाटी काढून ठेवतो. तापमान बदललं की हे उशीरही सरकतात. रंगीत दिवे मी पहिल्याच दिवशी बंद केले.

जोडीला पाचपैकी साडेचार, दुकानाला दोन, मागच्या टेबलावरच्या पोराला पाच.

बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू ठेवलंय, त्यामुळे रोज जुनीच जुळवणी वापरून मशीन पटकन उठतं. बायोस अपडेट केला की मात्र सराव पहिल्यापासून. परवा तसंच स्क्रीन काळी होऊन बसली होती. "बंद पडलं वाटतं," म्हणत आईने बटणाकडे हात नेला, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडलो, "आई, हात नको लावूस!"